परिसराचा विकास आणि रहिवाशांची संघटना

शहराची विकास योजना साधारणपणे वीस वर्षांसाठी तयार केली जाते. तिच्या प्रारूपावर हरकत नोंदविण्यासाठी मात्र नागरिकांना महिना-दोन महिन्यांचीच मुदत मिळते. क्रीडांगण कोठे असेल, कोणता रस्ता रुंद होईल, शाळेसाठी राखलेली जागा राहील की जाईल, हे या अल्प काळात ठरते. बहुसंख्य रहिवाशांना त्याचा पत्ता लागतो तो जागेवर पत्रे ठोकले जातात तेव्हा. आणि तोपर्यंत हरकतीची मुदत संपून कित्येक वर्षे लोटलेली असतात. परिसरातील रहिवाशांनी संघटना का स्थापन करावी, या प्रश्नाचे उत्तर या वस्तुस्थितीत आहे. एकट्या नागरिकाला वीस वर्षे पाळत ठेवणे शक्य नसते; संस्थेला ते शक्य असते.

अशा संस्थांची नावे गावोगावी निरनिराळी आहेत. दिल्लीत त्यांना रेसिडेंट्स वेल्फेअर असोसिएशन म्हणतात, मुंबईत ‘एएलएम’ हे लघुरूप रूढ आहे, तर पुण्यात नागरिक मंच, मोहल्ला समिती, नागरी कृती समिती अशी नावे आढळतात. मात्र सहकारी गृहनिर्माण संस्था आणि परिसराची संघटना यांत गल्लत होता कामा नये. गृहनिर्माण संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते आणि तिचा अधिकार कुंपणाच्या भिंतीपाशी संपतो. गळकी टाकी, वाहनतळ, देखभाल खर्च हे तिचे विषय. भिंतीपलीकडचा पदपथ, नाला, मोकळे मैदान आणि समोर उभी राहणारी इमारत यांबाबत बोलण्यासाठी वेगळे व्यासपीठ लागते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार बहुसंख्य सदनिकांची नोंदणी झाल्यापासून तीन महिन्यांत खरेदीदारांची संघटना स्थापन होणे आवश्यक आहे. परंतु तीही त्या प्रकल्पापुरतीच मर्यादित असते.

घटनेतील पोकळी

१९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. गावातील प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो. चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली, पण शहरवासीयांना तिने अशी सभा दिली नाही. अनुच्छेद २४३-एस नुसार तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या स्थापन होतात. तथापि त्या मुख्यतः नगरसेवकांच्या समित्या आहेत. महाराष्ट्रात त्यांवर अशासकीय संस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य नामनिर्देशित करता येतात. मुंबईसारख्या शहरात एका प्रभाग समितीखाली काही लाख लोक राहत असल्याने हे प्रतिनिधित्व किती विरळ आहे, याची कल्पना यावी. केरळने १९९४ च्या आपल्या नगरपालिका कायद्यात वॉर्ड सभेची तरतूद केली, हा अपवाद उल्लेखनीय होय.

ग्रामसभेमुळे पडणारा फरक गोव्यात दिसून आला. २००६ मध्ये अधिसूचित झालेली ‘प्रादेशिक आराखडा २०११’ ही योजना गोवा बचाव अभियानाच्या आंदोलनानंतर जानेवारी २००७ मध्ये रद्द झाली, आणि त्यानंतरच्या ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ च्या तयारीत गावांचे म्हणणे ग्रामसभांमधून मागविण्यात आले. शहरातील गल्लीला असे कायदेशीर व्यासपीठ नसल्याने तेथे संघटना हाच पर्याय उरतो.

घाटकोपरची जोशी लेन

मुंबईतील एएलएम चळवळीचा आरंभ घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमध्ये झाला. गल्लीतील कचऱ्याचा प्रश्न सोडविण्यासाठी रहिवाशांनी १९९६-९७ च्या सुमारास ओला व सुका कचरा वेगळा करणे आणि ओल्या कचऱ्यापासून खत तयार करणे सुरू केले. महापालिकेने या प्रयोगाची दखल घेऊन १९९७ मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट’ या नावाने तो शहरभर राबविण्याचे ठरविले. साधारण एक हजार लोकवस्तीची गल्ली किंवा परिसर हे एक एकक मानले गेले. प्रत्येक विभाग कार्यालयात या गटांच्या तक्रारींसाठी अधिकारी नेमण्यात आला.

पुढील काही वर्षांत शेकडो एएलएम स्थापन झाले. त्यांतील अनेक कालांतराने निष्क्रिय झाले, हेही नमूद केले पाहिजे. जे टिकले ते कचऱ्यावर थांबले नाहीत. पदपथ, मोकळ्या जागा, अनधिकृत बांधकामे हे विषय त्यांनी हाती घेतले. २००७ च्या महापालिका निवडणुकीत जुहू येथून अॅडॉल्फ डिसूझा हे नागरिकांचे उमेदवार म्हणून निवडून आले, त्यामागे परिसरातील अशाच गटांचे बळ होते.

झोपडपट्ट्यांसाठी मात्र महापालिकेने २००१ मध्ये वेगळी ‘दत्तक वस्ती योजना’ आणली. एकाच शहरात इमारतींमधील रहिवासी ‘व्यवस्थापन’ करणार आणि वस्तीतील रहिवासी ‘दत्तक’ जाणार, हा शब्दभेद बोलका आहे. रहिवासी संघटनांची सर्वांत मोठी उणीव याच ठिकाणी आहे. तिचा विचार पुढे केला आहे.

दिल्लीतील भागीदारी

दिल्लीत २००० साली राज्य सरकारने ‘भागीदारी’ योजना सुरू केली. रहिवासी संघ, बाजारपेठांच्या संघटना आणि शासकीय खाती यांना एकत्र बसविण्याचा हा प्रयत्न होता. २००५ मध्ये त्यास संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कारही मिळाला. त्याच वर्षी दिल्लीच्या रहिवासी संघांनी वीजदरातील दहा टक्के वाढीविरुद्ध मोहीम उघडली आणि घरगुती ग्राहकांवरील वाढ सरकारला मागे घ्यावी लागली. सरकारनेच बळ दिलेल्या संघांनी सरकारला माघार घ्यावयास लावावी, यातील गंमत त्या वेळी अनेकांच्या लक्षात आली होती.

पुढील वर्षी चित्र पालटले. निवासी जागेचा व्यापारी वापर थांबविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये आदेश दिल्यानंतर दुकानांना टाळे ठोकण्याची मोहीम सुरू झाली. अनेक रहिवासी संघ मोहिमेच्या बाजूने होते, तर व्यापारी रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी २००७ मध्ये अधिसूचित झालेल्या ‘दिल्ली बृहत् आराखडा २०२१’ मध्ये अनेक रस्त्यांवर मिश्र वापरास वाव देण्यात आला. परिसराच्या वाढीला वळण देणे म्हणजे शेजाऱ्याच्या उपजीविकेलाही वळण देणे असते, याचा दिल्लीत कठोर प्रत्यय आला.

बंगळूरचे उद्यान

रहिवाशांना अशा प्रश्नांवर न्यायालयात जाण्याचा अधिकार आहे का, या शंकेचे निराकरण सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ‘बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा’ या प्रकरणात केले. बंगळूरच्या राजमहल विलास विस्तार या वसाहतीत उद्यानासाठी राखलेला भूखंड विकास प्राधिकरणाने एका खासगी विश्वस्त संस्थेला रुग्णालयासाठी दिला होता. हा निर्णय मुख्यमंत्र्यांच्या निर्देशावरून झाला होता. रहिवासी उच्च न्यायालयात गेले आणि वाटप रद्द झाले. विश्वस्त संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

रुग्णालयही लोकोपयोगीच आहे, मग हरकत कशाला, असा युक्तिवाद वरकरणी पटण्यासारखा होता. न्यायालयाने तो स्वीकारला नाही. मोकळी जागा ही योजनेचा अविभाज्य भाग असून ती खासगी संस्थेच्या हाती देण्याने योजनेचा हेतूच नष्ट होतो, आणि त्याची झळ प्रत्यक्ष पोहोचते ती तेथे राहणाऱ्यांना; म्हणून दाद मागण्याचा हक्क त्यांना आहे, असा या निकालाचा आशय आहे. मैदान, बाग किंवा खुली जागा वाचविण्यासाठी झालेल्या पुढील अनेक खटल्यांत या निकालाचा आधार घेतला गेला. संघटनेच्या दप्तरी त्याची एक प्रत असावी.

आराखड्यावरील हरकती : दोन शहरांचा अनुभव

मुंबईचा पहिला विकास आराखडा १९६७ मध्ये मंजूर झाला, दुसरा १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात. तिसऱ्याचे प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. काही भागांत आठपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक त्यात सुचविला होता, आणि अस्तित्वातील इमारती, प्रार्थनास्थळे व वारसा वास्तू यांच्या नोंदींत असंख्य चुका होत्या. विभागवार बैठका झाल्या. परिसर संघटनांनी आपापल्या भागाचा नकाशा प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहिला. पन्नास हजारांहून अधिक हरकती व सूचना दाखल झाल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने हे प्रारूप रद्द करून नव्याने तयार करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले. आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला.

पुण्यात २०१३ च्या प्रारूपावर सुमारे ८७ हजार हरकती आल्या. तेथे अनुभव काहीसा वेगळा होता. महापालिकेस मुदतीत काम पूर्ण करता न आल्याने मार्च २०१५ मध्ये राज्य शासनाने आराखडा स्वतःच्या हाती घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जानेवारी २०१७ मध्ये त्यास मंजुरी मिळाली. म्हणजे हरकती महापालिकेकडे आणि निर्णय मंत्रालयात, अशी नागरिकांची धावपळ झाली.

हरकतींच्या संख्येने वृत्तपत्रांत मथळा होतो, हे खरे. एकाच मजकुराच्या हजार छापील अर्जांपेक्षा नगर भूमापन क्रमांक, नकाशातील खूण, जागेचे छायाचित्र आणि नेमका पर्याय सांगणारी एक हरकत सुनावणीत अधिक काळ तग धरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तथापि संख्येशिवाय २०१५ मध्ये मुंबईचे प्रारूप मागे घेतले गेले असते, असेही म्हणवत नाही.

संघटना कशी स्थापन करावी

प्रथम सीमा ठरवावी. रस्ता, नाला, लोहमार्ग यांनी आखलेला आणि पायी फिरता येण्याजोगा भाग सोयीचा पडतो. सीमा निवडणुकीच्या प्रभागाशी किंवा मतदान केंद्रांच्या यादीशी जुळली तर पुढे पुष्कळ काम सोपे होते. त्यानंतर घरोघरी जाऊन एक साधी यादी करावी : किती घरे, किती दुकाने, किती भाडेकरू, कोणत्या मोकळ्या जागा. पहिली सभा या यादीवर घ्यावी. तक्रारींवर घेतलेली पहिली सभा बहुधा शेवटचीही ठरते.

नोंदणी सक्तीची नाही. मुंबईतील एएलएम महापालिकेच्या मान्यतेवर चालतात. परंतु बँकेत खाते, न्यायालयात याचिका आणि पदाधिकारी बदलल्यावरही सातत्य यांसाठी नोंदणी उपयुक्त असते. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार किमान सात व्यक्तींना संस्था नोंदविता येते. महाराष्ट्रात तिची नोंद सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही करावी लागते आणि दोन्ही कामे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतात. कर्नाटकासारख्या काही राज्यांचे संस्था नोंदणीचे कायदे स्वतंत्र आहेत. नोंदणीनंतर दरवर्षी हिशेबतपासणी करावी लागते, तसेच विश्वस्त बदलल्यास नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. हा अर्ज राहून गेल्याने अनेक जुन्या संस्थांच्या कागदोपत्री दिवंगत व्यक्तीच विश्वस्त म्हणून कायम असतात आणि ऐन खटल्याच्या वेळी संस्थेला सही करणारा माणूस मिळत नाही.

नियमावलीत उद्देश लिहिताना ‘परिसराचे सौंदर्यीकरण’ एवढ्यावर समाधान मानू नये. विकास योजनेसंबंधी हरकती घेणे, शासनाशी पत्रव्यवहार करणे आणि आवश्यक तेव्हा न्यायालयात दाद मागणे हे उद्देश स्पष्ट शब्दांत असावेत. कार्यकारिणीची मुदत दोन-तीन वर्षांची असावी आणि अध्यक्षास सलग किती वेळा निवडून येता येईल याला मर्यादा असावी. वर्गणी थोडी ठेवावी. ज्याची बांधकाम परवानगी परिसरात प्रलंबित आहे अशा व्यावसायिकाकडून देणगी घेऊ नये, हा नियम लिखित असलेला बरा. तोंडी संकोच पहिल्या गणेशोत्सवापर्यंतच टिकतो.

नकाशा वाचणे

महाराष्ट्रात या विषयाचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. संघटनेतील किमान दोन व्यक्तींनी त्याची काही कलमे नीट वाचावीत.

कलम २३ खाली महापालिका विकास योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करते. कलम २५ खाली विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. मुंबईतील २०१५ च्या गोंधळाचे मूळ पुष्कळ अंशी चुकीच्या नोंदींत असल्याने या टप्प्यावर लक्ष देणे महत्त्वाचे. कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होऊन हरकती मागविल्या जातात. त्यांवर कलम २८ अन्वये नियोजन समिती सुनावणी घेते. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरील चार तज्ज्ञ असतात. शेवटी कलम ३१ खाली शासन मंजुरी देते, आणि प्रारूपात मोठे बदल करावयाचे असल्यास त्यांवर पुन्हा हरकती मागविते. ही दुसरी संधी अनेकांच्या नजरेतून निसटते.

योजना मंजूर झाल्यावर काम संपत नाही. कलम ३७ खाली एखाद्या भूखंडाचे आरक्षण बदलण्याची प्रक्रिया केव्हाही सुरू होऊ शकते आणि तिची नोटीस राजपत्रात व वृत्तपत्राच्या कोपऱ्यात येते. त्याहून दुर्लक्षित आहे ते कलम १२७. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर जमीनमालक महापालिकेला सूचना देऊ शकतो. सूचनेनंतर ठरावीक मुदतीत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण आपोआप व्यपगत होते. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची होती, पुढे ती बारा महिने आणि २०१५ मध्ये चोवीस महिने करण्यात आली. केवळ प्रस्ताव फिरत ठेवणे म्हणजे ‘पावले उचलणे’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, परिसरातील शाळेचे किंवा क्रीडांगणाचे आरक्षण कोणाच्याही निर्णयाशिवाय, निव्वळ कार्यालयीन विलंबाने नाहीसे होऊ शकते. मालकाचा यात दोष नाही. आपली जमीन वर्षानुवर्षे मोबदल्याविना अडवून ठेवणे त्याच्यावरही अन्यायाचेच आहे. संघटनेने आपल्या हद्दीतील सर्व आरक्षणांची वही ठेवावी. आरक्षण क्रमांक, भूमापन क्रमांक, क्षेत्रफळ, मंजुरीची तारीख आणि दहा वर्षे पूर्ण होण्याची तारीख एवढे रकाने पुरेत. वर्षातून एकदा माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करून कलम १२७ ची सूचना कोणत्या भूखंडाबाबत आली आहे, याची विचारणा करावी. सूचना आली असेल तर त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात भूसंपादनाची तरतूद व्हावी म्हणून नगरसेवक आणि आयुक्त यांच्याकडे पाठपुरावा करणे, हे संघटनेचे सर्वांत मोलाचे काम ठरेल. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवीत आली आहे, पण त्या लहान कामांपुरत्या असतात. भूसंपादनाचा विषय मुख्य अंदाजपत्रकातच न्यावा लागतो.

आणखी एक बाब. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार वीस हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागत असली, तरी त्यांसाठी जनसुनावणीची अट त्या अधिसूचनेत ठेवलेली नाही. सुनावणीत बोलू, अशा भरवशावर कोणी राहू नये.

संघटना कोणाची?

घरमालकांची संघटना आणि परिसराची संघटना या भिन्न गोष्टी आहेत. सभासदत्व सदनिकाधारकांपुरते ठेवले की विषयपत्रिका ठरून जाते : फेरीवाले हटवा, फाटक बसवा, वाहनतळ वाढवा. मैदानाची सर्वाधिक गरज असते ती वस्तीतील मुलांना आणि बसथांब्याची गरज असते ती घरकाम करण्यासाठी येणाऱ्या स्त्रियांना. त्यांचे म्हणणे सभेत येतच नाही. पुढे न्यायालयात वा महापालिकेत ‘तुम्ही नक्की कोणाचे प्रतिनिधी?’ हा प्रश्न विचारला जातो, तेव्हा अशा संघटनेकडे उत्तर नसते. भाडेकरू, दुकानदार आणि वस्तीतील रहिवासी यांना समान मताधिकार देणारी नियमावली न्यायाची तर आहेच, शिवाय ती संघटनेच्या हिताचीही आहे.

फेरीवाल्यांच्या बाबतीत कायद्यानेच एक टेबल मांडून दिले आहे. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार स्थापन होणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य पथविक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात आणि रहिवासी संघांनाही तीत प्रतिनिधित्व आहे. तक्रारअर्ज घेऊन विभाग कार्यालयाच्या पायऱ्या झिजविण्याऐवजी या समितीत कोण बसले आहे, तिची बैठक केव्हा झाली, याची माहिती संघटनेने मिळवावी.

राहिला प्रश्न क्षेत्रसभेचा. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान डिसेंबर २००५ मध्ये सुरू झाले, तेव्हा केंद्राने राज्यांना लोकसहभागाचा कायदा करण्याची अट घातली होती. त्यानुसार महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रांच्या हद्दीतील सर्व मतदार क्षेत्रसभेचे सदस्य असतात आणि नगरसेवक तिचा अध्यक्ष असतो. प्रत्यक्षात अशा सभा क्वचितच बोलाविल्या गेल्या. सभा बोलाविणे नगरसेवकाच्या हाती आणि ती न बोलाविल्यास जाब विचारणारा कोणी नाही, अशी ही रचना आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढील दीर्घ काळ कारभार प्रशासकाकडे राहिला, तेव्हा तर सभेचा अध्यक्षच अस्तित्वात नव्हता.

तरीही ही तरतूद पुस्तकात आहे. क्षेत्रसभेत वर्गणी नाही, सभासद अर्ज नाही. मतदार यादीत नाव असलेला भाडेकरू, झोपडीधारक आणि बंगलेवाला तेथे एकाच रांगेत बसतो. आपल्या हद्दीत कोणती मतदान केंद्रे येतात हे पाहून, शंभर-दोनशे मतदारांच्या सह्यांनिशी नगरसेवक आणि महापालिका आयुक्त यांच्याकडे क्षेत्रसभा बोलाविण्याची लेखी मागणी कोणत्याही परिसर संघटनेला करता येते. त्या पत्राची पोच घेऊन ती आरक्षणांच्या वहीतच जोडून ठेवावी.